हेमाद्री

हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत (हेमाडी पंडित; इ.स.चे तेरावे शतक) हा देवगिरीच्या यादव राजांचा प्रधान, धर्मशास्त्रकार आणि वैद्यकाचा जाणकार होता. महादेव (कारकीर्द १२६१–१२७१) आणि रामचंद्र ऊर्फ रामदेवराव (कारकीर्द १२७१–१३११) या दोन राजांच्या पदरी त्याने काम केले. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्रावरील प्रचंड संग्रहग्रंथ त्याच्या नावावर आहे. महाराष्ट्रात मात्र त्याचे नाव ग्रंथांपेक्षा दगडांमुळे अधिक टिकले. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवून उभारलेल्या जुन्या देवळांना, विहिरींना व बारवांना ‘हेमाडपंती’ म्हणण्याची प्रथा आहे. ही बांधणी हेमाद्रीने शोधून काढली नाही, हे आता सर्वमान्य आहे. तरीही या नावाखाली ओळखल्या जाणाऱ्या वास्तूंचा इतिहास वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा ठरतो. चुन्याने न जखडलेला दगड इमारत मोडल्यावरही शाबूत राहतो. त्यामुळे या देवळांचे दगड पुढच्या सातशे वर्षांत मशिदी, किल्ले, गढ्या, घाट, विहिरी आणि घरांच्या जोत्यांत पुन्हा पुन्हा वापरले गेले. यवतमाळ जिल्ह्यासह सर्व विदर्भात या पुनर्वापराच्या खुणा दिसतात.

कुल आणि राजसेवा

हेमाद्री वत्सगोत्री ब्राह्मण होता. त्याच्या वडिलांचे नाव कामदेव, आजोबांचे वासुदेव आणि पणजोबांचे वामन असे होते. महादेव यादवाच्या कारकिर्दीत तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख अधिकारी होता. राजाज्ञा, दानपत्रे, महसुलाचे हिशेब आणि पत्रव्यवहार हे सारे या खात्यातून चालत असे. महादेवानंतर त्याचा मुलगा आमण गादीवर आला, परंतु रामचंद्राने त्याला दूर करून राज्य घेतले. या सत्तांतरात हेमाद्रीचे अधिकारपद गेले नाही. रामचंद्राच्या काळातील ठाणे येथील ताम्रपटात (१२७२) त्याचा उल्लेख गौरवाने आला आहे. झाडीमंडळाचा प्रदेश त्याने जिंकल्याचेही त्यात नमूद आहे. झाडीमंडळ म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील वनप्रदेश, आजचा पूर्व विदर्भ. तेथील बंड मोडून हा भाग पुन्हा यादव सत्तेखाली आणण्याचे काम हेमाद्रीने केले. केवळ लेखणी चालवणारा अधिकारी अशी त्याची प्रतिमा या नोंदीशी जुळत नाही.

विदर्भाशी त्याचा आणखी एक संबंध होता. ‘मुग्धबोध’ या व्याकरणग्रंथाचा कर्ता बोपदेव हा हेमाद्रीच्या आश्रयाने राहिला. बोपदेवाचे घराणे वैद्यकी करणारे असून ते वरदा नदीच्या काठचे होते. वरदा म्हणजे आजची वर्धा नदी. यवतमाळ जिल्ह्याची पूर्व सीमा हीच नदी आखते. बोपदेवाच्या ‘मुक्ताफल’ या भागवतावरील ग्रंथावर हेमाद्रीने ‘कैवल्यदीपिका’ ही टीका लिहिली. ‘मुग्धबोध’ पुढे महाराष्ट्रापेक्षा बंगालमध्ये अधिक शिकवला गेला.

ग्रंथरचना

‘चतुर्वर्गचिंतामणी’ची व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष अशी पाच खंडांत योजना होती. त्यांपैकी तीर्थ आणि मोक्ष हे खंड उपलब्ध नाहीत. व्रतखंडाच्या आरंभी असलेल्या राजप्रशस्तीत यादवांची वंशावळ दिली आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या ग्रंथात (१८८४) यादवांचा इतिहास मांडताना या प्रशस्तीचा मोठा आधार घेतला. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर हेमाद्रीने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. धार्मिक कार्यारंभी म्हटल्या जाणाऱ्या विस्तृत संकल्पाला आजही ‘हेमाद्री संकल्प’ म्हणतात.

धर्मशास्त्रात विहीर, तलाव, बाग, अन्नछत्र आणि देऊळ यांची उभारणी ‘पूर्त’ या पुण्यकर्मात मोडते. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार हाही त्याच विचाराचा भाग आहे. जीर्णोद्धाराचे नियम वाचताना एक भेद लक्षात येतो. अग्निपुराणातील विधीनुसार भंगलेली लाकडी मूर्ती अग्नीत, तर दगडी मूर्ती खोल पाण्यात विसर्जित करावयाची असते. म्हणजे पूजेतून उतरलेली मूर्ती पुन्हा वापरात आणायची नाही. देवळाच्या भिंतीचा, खांबाचा, पायरीचा दगड मात्र या बंधनात येत नाही. तो नव्या कामात बसवता येतो. जुन्या विहिरी व तलाव उपसताना भग्न मूर्ती सापडतात आणि देवळाचे खांब गावातल्या घरांत दिसतात, या दोन्ही गोष्टींमागे हा भेद काही अंशी असावा.

हेमाडपंती या नावाचा प्रश्न

हेमाडपंती म्हणून दाखवल्या जाणाऱ्या अनेक वास्तू हेमाद्रीच्या जन्मापूर्वीच्या आहेत. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ (इ.स. १०६०) मधील, म्हणजे हेमाद्रीहून दोनशे वर्षे जुने आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा लेख आहे; तोही हेमाद्रीच्या अधिकारकाळापूर्वीचा. कोरड्या जोडणीचे तंत्र दख्खनमध्ये त्याच्या आधीपासून रुळलेले होते. तेव्हा शैलीचा जनक हे बिरुद त्याला देता येत नाही. राज्याच्या तिजोरीवर आणि दानधर्मावर ज्याचे नियंत्रण होते, अशा अधिकाऱ्याने अनेक देवळांच्या बांधणीला वा दुरुस्तीला चालना दिली असावी आणि त्यातून लोकांनी सर्वच जुनी कामे त्याच्या नावे जमा केली असावीत, हे स्पष्टीकरण बहुतेक अभ्यासकांना पटते.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील चौऱ्यांशीचा शिलालेख (शके ११९५ ते ११९९, इ.स. १२७३ ते १२७७) याला पुष्टी देतो. देवळासाठी दान देणाऱ्यांच्या या यादीत राजा रामचंद्राबरोबर हेमाडी पंडिताचेही नाव आहे. त्याचे नाव देवळाच्या कामाशी जोडणारा हा समकालीन पुरावा होय. या शिळेला पाठ घासल्यास चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असा समज भाविकांत रूढ झाला आणि त्या घर्षणाने लेखाची अक्षरे झिजली. दानाची नोंद म्हणून कोरलेल्या दगडाला लोकांनी असे दुसरेच काम नेमून दिले.

लोककथेत हेमाडपंताने लंकेच्या बिभीषणाचा रोग बरा केला आणि मोबदल्यात राक्षस मजूर मिळवून एका रात्रीत देवळे व विहिरी उभारल्या, असे सांगतात. मोडी लिपी त्यानेच लंकेतून आणली आणि बाजरीचे पीकही त्यानेच रूढ केले, अशाही समजुती आहेत. मोडीचे श्रेय त्याला देण्यामागे त्याच्या दफ्तरातील अधिकाराची आठवण असणार; दफ्तरी लेखनाचे नियम सांगणारे ‘मेस्तक’ही त्याच्या नावावर सांगितले जाते. राक्षसांच्या कथेचा उगमही समजण्यासारखा आहे. जो दगड आठ-दहा माणसांना हलत नाही, तो छतापर्यंत चढवणारे हात माणसांचे असतील, यावर पुढच्या पिढ्यांचा विश्वास बसला नाही.

बांधणीचे तंत्र

या देवळांचा दगड बहुतांशी काळा बेसाल्ट आहे. तो कठीण असल्यामुळे घडवायला वेळ व मजुरी फार लागते. खाणीतून काढलेला ठोकळा टाकीने सपाट करून त्याच्या पृष्ठभागावर खाच किंवा खोबण पाडली जाई आणि शेजारच्या वा वरच्या दगडावर तिच्यात बसणारे कुसू सोडले जाई. सुतारकामातील सांध्यांचीच ही दगडी आवृत्ती होय. दगडांचे थर आडवे बसवत जायचे आणि वरच्या थराच्या भाराने खालचा थर जागेवर दाबून धरायचा, असे हे गणित असते. खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर छताच्या शिळा अशी रचना होते. चौरस गाळा झाकण्यासाठी चारही कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून उघडी जागा लहान करत नेतात आणि शेवटी मधल्या चौकटीवर एकच शिळा ठेवतात. घुमटाकार छतात प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढलेला असतो. खऱ्या कमानीप्रमाणे येथे दगड एकमेकांना बाजूने रेटत नाहीत. सारा भार सरळ खाली उतरतो.

चुना मिळत नव्हता म्हणून ही पद्धत आली, असे काही वेळा म्हटले जाते. ते पटण्यासारखे नाही. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे जागोजाग सापडतात. यवतमाळ जिल्ह्यातील वणी-राजूर पट्ट्यात तर चुनखडीचे साठे आहेत आणि तेथे चुन्याच्या भट्ट्या चालत आल्या आहेत. घडणीवर पुरेसे श्रम घेतले की सांधणाऱ्या पदार्थाची गरजच राहत नाही, हे त्या पाथरवटांना ठाऊक होते, असे मानणे अधिक योग्य ठरेल.

या पद्धतीचा एक परिणाम तिच्या कर्त्यांनी हेतुपूर्वक योजला नसावा. रचना वरून खाली उलट्या क्रमाने उतरवली, तर प्रत्येक दगड अखंड हाती येतो. त्याच्या कडा शाबूत असतात आणि त्याला काही चिकटलेले नसते. दगडाच्या किमतीतला मोठा भाग घडणीच्या मजुरीचा. ती मजुरी एकदा खर्च झालेली असते. पुढच्या बांधणाऱ्याला ती फुकट मिळते. चुन्यात बांधलेली वीट थोड्या मेहनतीने सुटी करता येते, कारण चुना विटेहून मऊ असतो. सिमेंटचा सांधा मात्र विटेपेक्षा कठीण असल्याने तोडताना वीटच फुटते आणि उरतो तो राडारोडा. तो दळून खडीसारखा वापरण्यास भारतीय मानक संस्थेने २०१६ मध्ये वाव दिला आणि त्याच वर्षी बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र शासनाचे स्वतंत्र नियम आले. हेमाडपंती दगडाला अशा दळणाची गरज पडली नाही.

दगडांचे पुढचे आयुष्य

जुन्या वास्तूचे घडीव भाग नव्या वास्तूत बसवण्याची प्रथा जगभर आहे. रोममधील कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवर आधीच्या सम्राटांच्या स्मारकांवरील शिल्पे काढून लावली आहेत आणि कलोझियम हे शतकानुशतके शहराची दगडाची खाण होते. दिल्लीच्या कुतुब परिसरातील मशिदीत उंची साधण्यासाठी देवळांचे खांब एकावर एक चढवले आहेत.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण हेमाद्रीच्या स्वतःच्या राजधानीत आहे. यादवांची सत्ता संपल्यावर कुत्बुद्दीन मुबारक खलजीने देवगिरीच्या किल्ल्यात १३१८ मध्ये जामी मशीद उभारली. तिच्या सभागृहातील कोरीव खांब आधीच्या देवळांचे आहेत. १९४८ नंतर तेथे भारतमातेची मूर्ती स्थापन झाली आणि आज ती वास्तू भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते. म्हणजे त्या खांबांनी देऊळ, मशीद आणि पुन्हा मंदिर असे तीन टप्पे पाहिले. किल्ल्याच्या तटबंदीतही कोरीव दगड आडवे-उभे बसवलेले दिसतात. त्यांतील नक्षीचा विचार बसवणाऱ्याने केलेला नाही. चौकोनी, वजनदार दगड एवढेच त्याचे माप होते.

विजेत्याने केलेली मोडतोड एवढ्यावर हा विषय संपवणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. देवळे मोडण्यात धर्म आणि सत्ता यांचा वाटा होता, हे देवगिरीवरून स्पष्टच आहे. परंतु अनेक देवळे पूजा बंद पडून, गाव उठून, झाडांच्या मुळांनी सांधे उकलून आपोआप ढासळली आणि त्यांचे दगड भोवतालच्या गावांनीच उचलले. ते नेणाऱ्यांत पाटील-देशमुखांच्या गढ्या बांधणारे होते, नदीला घाट घालणारे होते आणि नवे देऊळ बांधणारे भाविकही होते. खांबाची बैठक वाड्याच्या लाकडी खांबाखाली तळखडा म्हणून गेली. देवळाच्या पट्ट्या जोत्याला व पायऱ्यांना लागल्या. वीरगळ आणि सतीशिळा मारुतीच्या पाराला टेकून उभ्या राहिल्या आणि शेंदूर लागून कधी कधी देवही झाल्या. ज्या देवळांचे शिखर व मंडप गेले, त्यांचे गर्भगृह आणि कोरीव द्वारशाखा अनेकदा उरलेली असते. छत आणि बाहेरचा थर सहज सुटतो, गाभाऱ्यात हात घालायला मन धजत नाही. दोन्ही कारणे खरी असावीत.

यवतमाळ जिल्हा आणि शेजार

यवतमाळ जिल्ह्याचा पश्चिम व उत्तर भाग दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. वर्धा आणि पैनगंगा यांच्या संगमाकडे, वणीच्या बाजूला, चुनखडक, वालुकाश्म आणि कोळसा लागतो. १९०५ पर्यंत हा जिल्हा वणीच्या नावानेच ओळखला जात असे. हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील पुरावशेषांची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे हा जुना जिल्हा होता. दख्खनमधील मध्ययुगीन देवळांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९३१ मध्ये निघाला. यवतमाळ शहरालगत लोहारा येथील कमलेश्वराचे मंदिर हेमाडपंती म्हणून ओळखले जाते आणि तेथे पूजा चालू आहे. पूजा चालू असणे हे अशा देवळाचे सर्वांत मोठे संरक्षण ठरले. ओस पडलेल्या देवळाचा दगड उचलणाऱ्याला कोणी अडवत नाही.

हेमाद्रीने ज्या झाडीमंडळावर स्वारी केली, त्या प्रदेशात गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथील मंदिरसमूह आहे. तेथील मुख्य मंदिराचे ढासळू लागलेले दगड उतरवून पुन्हा रचण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने हाती घेतले आणि ते अनेक वर्षे रेंगाळले. उतरवलेला दगड पुन्हा त्याच जागी बसवणे हाही पुनर्वापरच, पण त्याला क्रमांक, आराखडे आणि मुख्य म्हणजे सातत्य लागते. आंध्र आणि तेलंगणाच्या सीमेवर श्रीशैलम धरणाच्या पाण्याखाली जाणारे कूडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर याच रीतीने सुटे करून आलमपूरला पुन्हा उभारले गेले. कोरड्या जोडणीमुळेच हे शक्य होते.

महानुभाव परंपरेतील हेमाद्री

महानुभाव पंथाच्या ग्रंथांत हेमाद्रीचे चित्र वेगळे आहे. चक्रधरस्वामींचा छळ करणाऱ्यांत तो प्रमुख होता, असे पंथाची परंपरा मानते. व्रते, दाने आणि श्राद्धे यांचा भव्य संग्रह करणारा प्रधान आणि कर्मकांड नाकारून लोकभाषेत बोलणारे चक्रधर यांच्यातील विरोध स्वाभाविक होता. पंथीय ग्रंथ एका पक्षाची बाजू सांगतात, हे ध्यानात ठेवूनही या आरोपाकडे चरित्रकाराला डोळेझाक करता येत नाही. धर्मशास्त्रकार म्हणून त्याला मिळालेला मान आणि पंथाच्या स्मृतीतील त्याची अपकीर्ती या दोन्ही त्याच्या चरित्राचा भाग आहेत.

वास्तूंच्या अभ्यासाच्या दृष्टीने या विरोधाला एक अनपेक्षित बाजू आहे. चक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, त्या स्थळांची नोंद महानुभावांनी ‘स्थानपोथी’त जपली. कोणते देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, शेजारी कोणती देवळे, असे बारीक तपशील तिच्यात येतात. त्यांतील कित्येक देवळे आज जागेवर नाहीत. त्यांचे दगड इतरत्र पांगले. यादवकालीन गावांतील देवळांचा माग काढणाऱ्या अभ्यासकाला आज आधार मिळतो तो हेमाद्रीला विरोधक मानणाऱ्या पंथाच्या या पोथीचा.

जतन

केंद्र शासनाचा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा आहे. संरक्षित म्हणून घोषित झालेल्या देवळाचा दगड हलवणे त्यामुळे गुन्हा ठरतो. ज्यांची घोषणा झालेली नाही अशा देवळांची देखभाल गावाच्या हाती असते. तेथे आता दगड नेण्यापेक्षा वेगळा धोका संभवतो. भाविक वर्गणी काढून सांध्यांत सिमेंट भरतात, दगडाला तैलरंग देतात, गाभाऱ्यात चकचकीत फरशा लावतात. हेतू चांगला असतो. परंतु सिमेंटने बुजलेल्या सांध्यातून ओल बाहेर पडत नाही, दगडाला पापुद्रे सुटू लागतात, आणि पुढे कधी दुरुस्तीसाठी रचना सुटी करायची झाल्यास दगड अखंड निघत नाही. म्हणून पुरातत्त्व जतनाच्या कामात सिमेंट टाळतात. निखळलेला दगड त्याच्या मूळ खाचेत बसवतात आणि भरण आवश्यकच असेल तेथे चुना वापरतात.